हक्का, मंचुरियन आणि टेरिटी बाजाराची सकाळ

आपल्या एस.टी. स्टँडच्या भिंतीलगत संध्याकाळी सहानंतर चायनीजच्या गाड्या लागतात. लाल पडदा, त्यावर ड्रॅगनचे चित्र, मोठी कढई, बाजूला कोबीचा ढीग आणि आत चार-पाच स्टुले. पाटीवर ओळीने लिहिलेले असते: हक्का नूडल्स, शेजवान राईस, व्हेज मंचुरियन, चायनीज भेळ. आपण शाळेत होतो तेव्हा यातले काहीही गावात नव्हते. बाहेरचे खाणे म्हणजे स्टँडच्या कँटीनमधली मिसळ आणि आठवडी बाजारातली भजी. गाड्या आल्या त्या आपण नोकरीधंद्यासाठी गाव सोडल्यावर. आता स्नेहमेळाव्याला आलो की आपल्यातले निम्मे जण रात्री तिथेच सापडतात, म्हणून स्मरणिकेसाठी ‘काहीतरी इतिहासाचे लिही’ असा निरोप आला तेव्हा मी शिवकाल-पेशवाईकडे न जाता या पाटीकडेच वळलो. सर मला माफ करतील. (कोणते सर, ते लिहायची गरज नाही.)

त्या पाटीवरचे शब्द आधी पाहू. शेजवान म्हणजे चीनमधला सिचुआन प्रांत. तिथल्या स्वयंपाकात जीभ बधिर करणारे एक प्रकारचे मिरे घालतात आणि ते आपल्या कोकणातल्या तिरफळाचे सख्खे भावंड आहे. वनस्पतिशास्त्रात दोघांचे कूळ एकच. गंमत अशी की गाडीवरच्या शेजवानमध्ये ते मिरे औषधालाही नसतात, आणि मालवणात बांगड्याच्या आमटीत तिरफळ टाकणाऱ्या बाईला आपण सिचुआनच्या शेजारी जाऊन बसलो आहोत याचा पत्ता नसतो. मंचुरियनचा मंचुरियाशी काडीचा संबंध नाही. तो मुंबईकर आहे. कलकत्त्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो पहिल्यांदा केला, असे सांगतात. आले, लसूण आणि हिरवी मिरची बारीक चिरून घ्यायची हे आपले. फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉर. चायनीज भेळ तर चीनमध्ये कोणाला सांगितली तरी कळायची नाही.

उरला हक्का. हा शब्द प्रांताचा नाही, पदार्थाचाही नाही. ते माणसांचे नाव आहे. हक्का म्हणजे चीनमधला एक समाज. हे लोक फार पूर्वी उत्तरेकडून टप्प्याटप्प्याने दक्षिण चीनमध्ये आले, आणि आधीपासून तिथे राहणाऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘हक्का’, म्हणजे पाहुणे कुटुंबे. शेकडो वर्षे राहिले तरी नाव पाहुण्यांचेच राहिले. त्यांच्यातलेच काही पुढे कलकत्त्याला आले आणि त्यांच्यामुळे हा शब्द फिरत फिरत आपल्या एस.टी. स्टँडपर्यंत पोचला. मला हे कळले ते पुस्तकातून नव्हे, एका फुटपाथवर उभ्याने खाताना. पुस्तके नंतर वाचली.

बँकेने २००९ साली माझी बदली कलकत्त्याला केली. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला ओळख झालेले एक गृहस्थ म्हणाले, “खरं चायनीज खायचंय का? मग रविवारी पहाटे उठा.” मला वाटले थट्टा करताहेत. चायनीज आणि पहाट ही जोडी आपल्या डोक्यात बसत नाही. पण पुढच्या रविवारी साडेपाचला पिवळी टॅक्सी करून निघालो आणि सहाच्या सुमारास पोद्दार कोर्टच्या मागे उतरलो.

या भागाला टेरिटी बाजार म्हणतात. नाव एका इटालियन माणसाचे. व्हेनिसकडचा एडवर्ड तिरेत्ता हा अठराव्या शतकात मायदेश सोडून कलकत्त्यात आला, कंपनी सरकारात रस्ते आणि इमारतींचा अधीक्षक झाला, आणि त्याच्या मालकीचा जो बाजार होता त्याला त्याचे नाव पडले. शेजारून जातो तो सन यत्-सेन रस्ता, चिनी प्रजासत्ताकाच्या पहिल्या अध्यक्षांच्या नावाचा. पोलिसांचे प्रसिद्ध लालबाजार हाकेच्या अंतरावर. म्हणजे इटालियन नाव, चिनी रस्ता, इंग्रजांनी वसवलेले शहर, आणि त्या सकाळी माझ्यासमोर वांगी-भोपळा घेऊन बसलेले बंगाली-बिहारी भाजीवाले. त्यांच्या मधोमध, पाच-सहा फळ्यांवर आणि घडीच्या टेबलांवर, चिनी नाश्ता मांडलेला होता.

दुकान असे काही नव्हते. एका म्हाताऱ्या बाईंपुढे शेगडीवर अ‍ॅल्युमिनियमचे उंच भांडे होते, चाळणीसारखे तीन-चार मजले एकावर एक. झाकण उचलले की वाफेचा लोट. मला पहिल्यांदा काय आठवले असेल तर आईचे मोदकपात्र. आणि खरे म्हणजे तुलना तिथेच संपत नव्हती. पहिल्या मजल्यावर होते शुमाई: पातळ पारीत सारण भरून पारी वर गोळा केलेली, पण तोंड उघडेच. कळ्या पाडल्या आणि मिटायला विसरले, अशा मोदकासारखे. खालच्या मजल्यांवर बाओ. बाओ म्हणजे फुगवलेल्या कणकेचा वाफवलेला गोळा, आत सारण. मैदा, यीस्ट आणि थोडी साखर भिजवून फुगू द्यायचे, सारण भरायचे, पुन्हा थोडा वेळ ठेवायचे आणि मग वाफेवर ठेवायचे. भट्टी नाही, म्हणून वरचे कवच तांबूस होत नाही. शेवटपर्यंत पांढरेशुभ्र, दाबले तर बोट आत जाईल इतके मऊ. तळाला चिकटू नये म्हणून प्रत्येकाखाली कागदाचा चौकोनी तुकडा. तो सोलून काढायचा असतो हे मला शेजारच्या माणसाकडे पाहून कळले.

जाता जाता सांगतो, बाओ आणि आपला पाव हे शब्द सारखे वाटले तरी एकमेकांचे कोणी नव्हेत. पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्याला उतरला. बाओ चीनमधलाच. त्याचा मूळ पुरुष जो मांतोऊ, त्याची दंतकथा तिकडे तिसऱ्या शतकातल्या झूगे लिआंग या सेनानीशी जोडतात: नदीला नरमुंडांचा बळी द्यायची प्रथा होती, त्याने कणकेची मुंडकी करून वाहिली. आपल्याकडे बळी म्हणून कोहळा फोडतात, त्यातलाच प्रकार.

“दादा, चिकन ना पोर्क?” बाईंनी बंगालीत विचारले. चिकन म्हणालो. त्यांनी चिमट्याने एक बाओ कागदावर ठेवला, वर कसलीशी हिरव्या मिरचीची चटणी. आत कोंबडीचे बारीक सारण, कांदा, सोया सॉसची खारट चव आणि तिच्या मागून किंचित गोडवा. मसाला नाही, तेल जवळजवळ नाही, तिखट असेल ते फक्त वरच्या चटणीत. आपल्या गाडीवरचे चायनीज ज्याच्या जिभेवर आहे त्याला पहिला घास अळणी वाटेल. दुसऱ्या घासाला कळते की हे आजारी माणसालाही चालेल असे, घरचे खाणे आहे. पुढच्या टेबलावर मासळीच्या गोळ्यांचे सार होते, मोठ्या डेगीतून वाडग्यात ओतून वर पातीचा कांदा. आणखी पुढे तीळ लावून तळलेले चिकट तांदळाचे गोळे, आत वाटलेल्या कडधान्याचे गोड पुरण. अनारसा आणि पुरणपोळीची सोयरीक झाली तर असे काही होईल. बांबूच्या पानात बांधून शिजवलेला चिकट भातही होता; त्याला आपल्याकडची पातोळी जवळची. सॉसेजच्या लाल माळा दोरीवर लटकत होत्या, त्या वाटेला मी गेलो नाही.

तीन वर्षांत मी तिथे तीसेक वेळा तरी गेलो असेन. चौथ्या-पाचव्या खेपेला सारच्या टेबलामागच्या बाकावर साठीकडे झुकलेले एक गृहस्थ बसायचे त्यांच्याशी बोलणे होऊ लागले. बेंटिंक स्ट्रीटवर त्यांचे जोड्यांचे दुकान होते. बंगाली आणि हिंदी दोन्ही आपल्यासारखेच सहज बोलायचे. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मुंबईतल्या चिनी दंतवैद्यांबद्दल, कारण त्यांच्या ओळखीतले एक कुटुंब त्या धंद्यात होते. मी त्यांना पाटीवरच्या हक्का नूडल्सचे सांगितले. ते हसले. “हम हक्का हैं,” म्हणाले, “लेकिन आपका नूडल कौन सा है, मालूम नहीं।”

त्यांच्याकडून मला पहिला धडा मिळाला तो असा, की ‘चिनी’ असा एकसंध समाज तिथे नाहीच. आपण बाहेरून सगळ्यांना एकच समजतो, जसे परप्रांतातले लोक आपल्याला ‘मराठा’ म्हणून मोकळे होतात. आत शिरले की गावे, बोली, धंदे सगळे वेगळे. कँटनकडचे लोक सुतार. खिदिरपूरच्या गोदीत जहाजांचे लाकूडकाम त्यांच्याकडे. हुबेई प्रांतातले दात बसवणारे. आणि मेईशिएनकडून आलेले हक्का चामड्यात: बेंटिंक स्ट्रीटवर जोडे शिवायचे आणि शहराच्या पूर्वेला टांगऱ्याच्या दलदलीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कातडी कमवायची. हा धंदा त्यांच्या वाट्याला का आला, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. कातड्याला हात लावायला वरच्या म्हणवणाऱ्या जाती तयार नव्हत्या. पाहुण्यांना विटाळाचे भय नव्हते. आपल्या गावात ते काम करणाऱ्यांची घरे कुठे होती आणि त्यांची किती मुले आपल्या वर्गात होती, हे आठवून पाहिले तर टांगरा शहराबाहेर का, तेही कळते.

देवळांचीही तीच तऱ्हा. टेरिटी बाजारात चिनी देवळांना ‘चर्च’ म्हणतात. ख्रिस्ताशी संबंध नाही. इंग्रज अमदानीत परक्या प्रार्थनास्थळाला दिलेले नाव चिकटले ते चिकटलेच. १९०५ सालचे सी इप चर्च करुणेची देवी क्वान यिनचे, तर तुंग ऑन चर्च युद्धदेव क्वान तीचे. सी इप म्हणजे कँटनच्या मुलखातले चार तालुके. तिथल्या लोकांनी बांधले म्हणून ते नाव. मुंबईत माझगावला नवाब टँक रोडवर एका घराच्या माडीवर छोटे चिनी देऊळ आहे, १९१९ सालचे. गोदीत काम करणाऱ्या चिनी खलाशांचे. मी निवृत्तीनंतर ते मुद्दाम पाहून आलो. त्याचे नाव सी यप कून. तेच चार तालुके. कलकत्त्याच्या गोदीपासून मुंबईच्या गोदीपर्यंत एकाच मुलखातली माणसे आपापले देव बरोबर घेऊन गेली होती.

ही माणसे इथे आली कशी? पहिले नाव घेतात ते आछूचे. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, १७७८ च्या सुमारास, आछू नावाच्या चिनी व्यापाऱ्याला बजबजच्या जवळ हुगळीकाठी साडेसहाशे बिघे जमीन वर्षाला पंचेचाळीस रुपये साऱ्याने मिळाली. त्याने उसाची लागवड केली, साखरेचा कारखाना काढला, चीनहून मजूर आणले. मजूर पळून कलकत्त्यात जाऊ लागले तेव्हा आछूने कंपनी सरकारकडे तक्रार केल्याची नोंद आहे. म्हणजे कलकत्त्यातल्या चिनी वस्तीचा आरंभ पळून आलेल्या कामगारांपासून होतो म्हणायला हरकत नाही. आछू पाच-सहा वर्षांत वारला, कारखाना बुडाला, पण गावाचे नाव अछिपूर राहिले. तिथे नदीकाठी घोड्याच्या नालाच्या आकाराचे त्याचे लाल थडगे आहे आणि चिनी नववर्षाला कलकत्त्याची चिनी मंडळी अजून तिथे जातात. मी एकदा त्या गृहस्थांबरोबर गेलो होतो. उदबत्त्या, संत्री, भाजलेले डुक्कर असा नैवेद्य, आणि सगळे आटोपल्यावर आपल्या जत्रेसारखीच पथाऱ्या पसरून जेवणे.

साखरेसाठी हुगळीवर आले, पुढे १८३० च्या दशकात चहासाठी आसामात. आणि आपल्या जिल्ह्यात आले ते बेड्या घालून. नववीच्या सहलीत आपण महाबळेश्वरला ‘चायनामन फॉल’ पाहिला होता. धबधबा पाहण्यापेक्षा डबे उघडण्याची घाई होती, आणि नाव असे का, हे कोणी विचारले नाही. सातारा जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये त्याचे उत्तर आहे. १८३० च्या दशकात इंग्रजांनी महाबळेश्वरला तुरुंग बांधला, आणि त्यात मलाक्का-सिंगापूरकडच्या वसाहतींतून पाठवलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवले. ते भाजीचे मळे करीत, बटाटे पिकवत, वेताच्या टोपल्या विणत. १८६४ साली तुरुंग बंद झाला. त्यांच्या मळ्यांच्या शेजारचे पाणी म्हणून धबधब्याला त्यांचे नाव. थंड हवेच्या ठिकाणी साहेबांना भाजी हवी होती. ती कैद्यांनी लावली. टोपल्या विणायचे काम महाबळेश्वरात नंतरही चालू राहिले.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले तिकडे येतो.

आपल्या वर्गाचा जन्म १९६२-६३ चा. चीनच्या युद्धाची गोष्ट आपण शाळेत शिकण्याआधी घरात ऐकली होती. आईने संरक्षण निधीला बोटातली अंगठी दिली होती. तुमच्यातल्या बहुतेकांच्या घरी अशी एखादी अंगठी किंवा बांगडी गेलेली आहे. यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, याचा अभिमान आपल्या जिल्ह्याने कित्येक वर्षे मिरवला आणि तो योग्यच होता. पाठ्यपुस्तकात त्या युद्धावर जो परिच्छेद होता त्यात नेफा होते, लडाख होते, २० ऑक्टोबर आणि २१ नोव्हेंबर या तारखा होत्या. देवली नव्हते.

देवली म्हणजे आपल्या वर्ध्याजवळचे देवळी नव्हे. हे राजस्थानात, टोंक जिल्ह्यात. तिथे इंग्रजांच्या काळापासून कैद्यांची छावणी होती. १९६२ च्या हिवाळ्यात आसाम, दार्जिलिंग, शिलाँग आणि बंगालमधून चिनी वंशाच्या जवळजवळ तीन हजार माणसांना पकडून तिथे नेले गेले. पुरुष, बायका, म्हातारे, तान्ही मुले. त्यांच्यावर कोणताही गुन्हा ठेवलेला नव्हता, खटला चालला नाही. युद्धकाळात नवा कायदा झाला: ज्याच्या आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणी एक शत्रुराष्ट्राचा नागरिक होता, तो परका. मग तो इथे जन्मलेला असो, त्याची आई आसामी असो, त्याला चिनी भाषेचा एक शब्द येत नसो. युद्ध महिनाभरात संपले. छावणीतले शेवटचे लोक सुटले १९६७ साली.

बाकावरचे ते गृहस्थ आसामातल्या माकुमचे. चहाच्या मळ्यांवर आलेल्या चिनी कारागिरांच्या वंशजांची तिथे चिनापट्टी नावाची वस्ती होती. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. बोलण्यात एकदाच आले, आणि तेही मी राजस्थानात फिरून आल्याचे सांगितले म्हणून. “राजस्थान हमने भी देखा है,” ते म्हणाले. “सात दिन ट्रेन में। फिर साढ़े चार साल।” गाडीत खिडक्या बंद ठेवायला लावत. स्टेशनांवर लोक जमत. त्यांना सर्वांत स्पष्ट आठवत होती ती छावणीतली उष्णता, कारण आसामातल्या पोराने तसले ऊन पाहिलेले नव्हते. आणि तिथे शाळा नव्हती, हे. नऊ ते साडेतेरा. मी मनात हिशेब केला: चौथी ते आठवी. परत आले तेव्हा माकुमचे घर लिलावात गेलेले. वडील कलकत्त्याला एका नातलगाच्या जोड्यांच्या दुकानात कामाला लागले आणि मुलगा त्यांच्या शेजारी बसून शिवायला शिकला. पुढचे सांगायला ते थांबले नाहीत. वाडगे ठेवले, पैसे दिले, छत्री उचलली. पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच होते आणि आम्ही इलिशच्या भावाबद्दल बोललो.

मी त्यांना आईच्या अंगठीचे सांगितले नाही. सांगायला हवे होते किंवा नको होते, असे मला वाटत नाही. विषय निघाला नाही. पण ती अंगठी आणि ती आगगाडी एकाच महिन्यातली आहे, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आपला अभिमान खोटा होता असे मी म्हणत नाही. सीमेवर बर्फात कॅनव्हासचे बूट घालून लढलेले जवान खरे होते. त्याच इतिहासाच्या त्याच पानावर देवलीची एक ओळ मावली असती, एवढेच म्हणणे आहे. इतिहास शिकवणाऱ्या आपल्या सरांनी पुस्तकाबाहेरचे कितीतरी सांगितले. हे त्यांनाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ज्यांनी भोगले ते गप्प राहिले. सुटल्यावरही पोलिसात हजेरी, गावाबाहेर जायला परवानगी, बोलणार कोण? फार वर्षांनी लिहिले जाऊ लागले. रीता चौधरी यांची ‘माकाम’ ही आसामी कादंबरी २०१० सालची. मुंबईचे दिलीप डिसोझा आणि छावणीतच जन्मलेल्या जॉय मा यांचे ‘द देवलीवालाज’ हे पुस्तक २०२० साली आले. ज्यांना इंग्रजी वाचायला अडचण नाही त्यांनी ते जरूर मिळवावे.

१९६२ नंतर कलकत्त्याची चिनी वस्ती ओसरू लागली. एके काळी वीस हजारांवर असलेला समाज आता दोनेक हजारांवर आला असे साधारणपणे सांगतात. टांगऱ्याच्या टॅनऱ्यांचे सांडपाणी हा खराच प्रश्न होता. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या शहराबाहेर बानतळ्याला हलवण्याचा आदेश दिला. तिकडे जाणे ज्यांना जमले नाही त्यांतल्या काहींनी टॅनरीच्या जागी हॉटेल काढले. आज कलकत्त्यात टांगरा म्हटले की लोकांना चिली चिकन आठवते, कातडे नव्हे. आणि पुष्कळ तरुण मंडळी कॅनडाला गेली. टोरांटोला आपल्या बॅचच्या ज्या मैत्रिणी आहेत त्यांनी तिथल्या ‘हक्का चायनीज’ पाट्या पाहिल्याच असतील. त्या हॉटेलांत मिळते ते चीनचे नव्हे, कलकत्त्याचे. भारतातून गेलेला चिनी माणूस तिकडे जाऊन भारतीय चव विकतो, आणि ती खायला आपल्याकडचे लोक रांग लावतात. पाहुण्यांनी आणखी एकदा घर बदलले आणि या वेळी आपल्या मिरच्या बरोबर नेल्या.

माझी बदली २०१२ साली पुण्याला झाली. त्यानंतर दोनदा कलकत्त्याला जाणे झाले. दुसऱ्या वेळी बाईंच्या जागी त्यांची सून होती. फळ्या कमी झाल्या होत्या, आणि त्यांतल्या दोनांवर मोमो विकणारी मंडळी चिनी नव्हती. शेजारी एकाने पुरी-भाजी सुरू केली होती, आणि गर्दी खरी तर तिकडेच होती. जोड्यांवाले गृहस्थ मुलाकडे टोरांटोला गेले असे कळले. जोड्यांचे दुकान आहे, दुसऱ्याने घेतले.

आपल्यापैकी कोणी कलकत्त्याला जाणार असेल तर रविवार गाठा. लालबाजारवरून पोद्दार कोर्ट विचारले की कोणीही सांगेल. सहाला पोचा, पिशवीत पाण्याची बाटली आणि खिशात सुटे पैसे ठेवा. शाकाहारी असाल तर तिळाचे गोळे घ्या, पण तेल कोणत्या कढईचे ते आधी विचारा. बाओ गरम असतानाच खा, खालचा कागद सोलून. वाफ संपली की त्या भांडे उतरवतात आणि आठनंतर गेलात तर भाजीवाले तेवढे भेटतील.